कडियालचे तीन धोटे

पैठणवर इंग्रजांचं थेट राज्य एक दिवसही नव्हतं. गाव निजामाच्या मुलखात होतं आणि 17 सप्टेंबर 1948 पर्यंत तिथंच राहिलं. तरी पैठणीला उतरती कळा का लागली, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं : इंग्रज आले, मँचेस्टरचं कापड आलं, विणकर देशोधडीला लागला. जरा वाचन असलेली माणसं याला हसतात आणि दुसरं ठरलेलं उत्तर देतात : यंत्रापुढे कुणाचं काही चालत नाही, इंग्लंडातले विणकरही त्यातून सुटले नाहीत, उगाच साम्राज्याच्या नावानं बोटं मोडू नका. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. पैठणच्या विणकराला यंत्रानं हरवलं नाही, कारण त्याचं काम करू शकेल असं यंत्र तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. साम्राज्यानं त्याचा माग मोडला नाही. मागाभोवतीची व्यवस्था मोडली, म्हणजे गिऱ्हाईक, आगाऊ रक्कम, कच्चा माल आणि भाव ठरवण्याची ताकद. हे नीट तपासायचं तर समोर कुणीतरी खमका हवा, म्हणून या लेखात एक काका बसवले आहेत. सूतगिरणीत उभा जन्म काढून निवृत्त झालेले, यंत्रावर जीव असलेले, भाबड्या देशाभिमानाचा कंटाळा आलेले. हे काका कल्पित आहेत. त्यांचे आक्षेप मात्र मराठवाड्याच्या कुठल्याही कट्ट्यावर ऐकायला मिळतील.

काका : अरे, सरळ हिशेब आहे. 1733 साली बरीच्या जॉन के नं उडता धोटा काढला. विणकाम इतकं वाढलं की सूत पुरेना. मग बोल्टनच्या सॅम्युएल क्रॉम्प्टननं 1779 मध्ये म्यूल बनवलं, आणि सूत इतकं झालं की विणणारे हात पुरेनात. मग यंत्रमाग. एकातून एक गोष्ट निघत गेली, त्यात कुणाचा कट नव्हता. आणि त्याचा पहिला तडाखा बसला तो त्यांच्याच माणसांना. 1820 च्या आसपास ब्रिटनमध्ये सुतावर काम करणारे सुमारे 2 लाख 40 हजार हातमाग-विणकर होते, चाळीस वर्षांत ते नावापुरते उरले. बोल्टनचा जो विणकर एकेकाळी आठवड्याला 25 शिलिंग मिळवायचा तो 1830 च्या दशकात पाच-सहा शिलिंगांवर आला. ही काय गुलाम देशातली माणसं होती? पैठणला तर इंग्रज नव्हताच. मग दोष द्यायचा कुणाला?

मी : काका, तुम्ही जॉन के पासून सुरुवात केलीत ते बरं झालं. त्याचा धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुसाट जातो, आणि त्याची सगळी कमाई त्या एका झेपेत आहे. आता पैठणीचं कडियाल विणकाम पाहा. तिथं एका ओळीला तीन धोटे लागतात : दोन काठांचे दोन आणि अंगाचा तिसरा. काठाचा बाणा काठापाशीच वळतो, अंगाचा बाणा तिथवर येऊन त्याच्यात अडकतो आणि परत फिरतो. प्रत्येक ओळीला ही गाठभेट हातानं घडवावी लागते. म्हणून तर काठ एका रंगाचा आणि अंग दुसऱ्या रंगाचं असूनही कुठं फट पडत नाही, की रंग एकमेकांत मिसळत नाहीत. पदर तर याहून अवघड. जरीच्या जमिनीवर मोर, कमळ, मुनिया काढायची तर प्रत्येक रंगाच्या रेशमाची वेगळी छोटी तिल्ली लागते. एका पदराला अशा तिल्ल्यांची रांग लागते. विणकर ताण्याचे धागे मोजतो, मोराच्या मानेपुरता निळा फिरवतो, शेजारच्या रंगात अडकवून मागं घेतो आणि पुढची तिल्ली उचलतो. दिवसाकाठी पदर काही बोटं सरकला तरी खूप. उलट्या बाजूनं पाहिलं तर तीच नक्षी, तितकीच स्वच्छ. हे काम के च्या धोट्याला जमणारं नव्हतं आणि लँकेशायरच्या यंत्रमागालाही नव्हतं. लियाँचा जॅकार्ड 1804 चा. त्यानं नक्षी विणता येते, पण मागच्या बाजूला धागे तरंगत राहतात, ते कापून काढावे लागतात. शिवाय मँचेस्टरचा धंदा स्वस्त सुती कापडाचा. ते कापड जरीच्या रेशमी लुगड्याच्या गिऱ्हाइकाला आपल्याकडे कसं ओढणार?

मँचेस्टरनं आपल्याकडं सगळ्यांत आधी ज्यांचं काम हिरावलं त्या म्हणजे घरोघरी सूत कातणाऱ्या बायका. गिरणीचं सूत स्वस्त आणि सारखं निघालं, आणि चरख्याची चार पैशांची कमाई गेली. त्या बायकांच्या नावानं कुठलं प्रसिद्ध लुगडं नाही, म्हणून त्यांच्यासाठी कुणी हळहळत नाही. तेच गिरणीचं सूत वापरून सुती हातमाग मात्र टिकले, काही ठिकाणी वाढलेही. 1857 नंतर उत्तरेतून आलेले मोमीन मालेगाव-भिवंडीत स्थिरावले, तेलंगणातले पद्मशाली निजामाचा मुलूख सोडून सोलापुरात आले. डग्लस हेन्स यांनी पश्चिम भारतातल्या या छोट्या गावांच्या भांडवलदारीवर पुस्तकच लिहिलं आहे, आणि विणकर नामशेष झाले या समजुतीशी त्यातलं चित्र जुळत नाही. म्हणजे यंत्रानं मारलं हे सुती विणकराच्या बाबतीत अर्धं खरं आहे, आणि पैठणीच्या बाबतीत जवळजवळ खोटं.

काका : मग तूच सांग, यंत्रानं नाही तर कशानं? आणि हे सांगताना ते रोमन बादशहांचं पुराण काढू नकोस. दोन हजार वर्षं पैठणी रोमला जात होती आणि इंग्रजांनी ती बुडवली, हे मी दुकानांच्या जाहिरातींत फार वेळा वाचलंय.

मी : त्यात मी तुमच्या बाजूचा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या खलाशाच्या ग्रीक टिपणात पैठणचं नाव आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांची वाट आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. पण त्या खलाशानं लिहिलंय काय? पैठणहून गाड्या भरभरून जातात ते गोमेदासारखे दगड. मलमल आणि साधं कापड येतं ते तेरहून. सातवाहनांच्या राजधानीत विणकाम नसेल असं नव्हे, पण आज आपण जिला पैठणी म्हणतो तिचा थेट दाखला तिथं मिळत नाही. तो मिळतो अठराव्या शतकात, पेशव्यांच्या पत्रव्यवहारात. थोरले माधवराव पैठणहून आसावली दुपट्टे मागवताना रंग सांगतात : तांबडा, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी. गिऱ्हाईक रंगापर्यंत ठरवून सांगतं, माल मागाहून विणला जातो. दरबारी धंदा चालायचा तो असा. विणकर माल करून बाजारात बसत नव्हता. आधी मागणी, हातात काही आगाऊ रक्कम, मग ताणा लागायचा. महिनोन्‌महिने एकाच वस्तूवर बसायचं, रेशीम-जरीत एवढा पैसा अडकवायचा, तर अशा गिऱ्हाइकावाचून कुठलाही विणकर तग धरू शकत नाही.

काका : आणि ते गिऱ्हाईक इंग्रजांच्या आधीच उठायला लागलं होतं! 1763 मध्ये निजामानं राजधानी औरंगाबादहून हैदराबादला नेली. पैठणच्या उशालगतचा दरबार गेला. त्यात इंग्रजांचा काय हात?

मी : काहीच नाही, आणि हा आक्षेप पक्का आहे. पैठणची पहिली पडझड आपल्याच राज्यकर्त्यांच्या हालचालीतून झाली. मराठे-निजाम लढाया गोदावरीकाठीच व्हायच्या. पालखेडच्या लढाईनंतरचा 1728 चा तह मुंगी-पैठणचा, 1763 ची राक्षसभुवनची लढाईही इथून फार लांब नाही. विणकरानं बस्तान हलवावं अशी कारणं भरपूर होती. येवला वाढला त्याची मुळं या काळातही आहेत. पण एक दरबार हलला की विणकर दुसऱ्या दरबाराकडं पाहायचा. निजाम हैदराबादला गेला तेव्हा पुणे होतं, सातारा होता, नागपूर होतं, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर होतं. एकोणिसाव्या शतकात जे झालं ते जातीनंच वेगळं होतं. 1818 मध्ये पुणं संपलं. 1848 मध्ये सातारा खालसा, त्यानंतर पाचसहा वर्षांत नागपूर. भोसल्यांचं जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला गेलं. गिऱ्हाईक हलत नव्हतं, गिऱ्हाइकाचा वर्गच कमी होत होता. उरलेल्या संस्थानिकांच्या खजिन्यावर रेसिडेंटची नजर होती.

निजामाचंच घ्या. झेंडा त्याचा, पण 1798 च्या तैनाती फौजेनंतर खर्चाची सूत्रं त्याच्या हातात पूर्णपणे राहिली नाहीत. फौजेचे पगार भागवायला पामर कंपनी या पेढीकडून जबर व्याजानं कर्ज, त्या कर्जाचा घोळ 1820 च्या दशकापर्यंत, आणि शेवटी थकबाकीपोटी 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात. ज्या दरबाराला आपल्या फौजेचा खर्च झेपत नाही तो शंभर शेले एकदम कसे मागवणार? याहून महत्त्वाची गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात नसते. 1802 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं निजामाशी व्यापारी तह केला. कंपनीच्या मुलखातून येणाऱ्या मालावर पाच टक्के जकात, त्यापेक्षा जास्त नाही. म्हणजे पैठणच्या वेशीवर निशाण निजामाचं, पण आपल्या कारागिरासाठी जकातीची भिंत घालायची मुभा निजामाला नाही. तुम्ही म्हणालात इंग्रज पैठणला नव्हता. जकातीच्या कलमात तो होता.

काका : ठीक. पण मग येवल्याचं काय? तो मुलूख 1818 पासून इंग्रजांचा. तुझ्या म्हणण्याप्रमाणं तो आधी मरायला हवा होता. उलट आज पैठणी म्हटलं की लोक येवल्याला जातात. 1878 मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग झाला, येवल्याला स्टेशन मिळालं. औरंगाबादला गाडी आली 1900 मध्ये. पैठणला अजून नाही. इंग्रजाच्या रुळानं येवला तारला आणि निजामाच्या संथपणानं पैठण मारलं, असं का म्हणू नये?

मी : असं म्हणता येतं, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. एकच कसब, एकच जरी-रेशीम, पण एक गाव ब्रिटिश मुलखात आणि दुसरं संस्थानात. इतिहास असे प्रयोग फार कमी वेळा करून ठेवतो. येवल्याच्या बाजूनं रूळ होते, मुंबईची बाजारपेठ होती, आणि दरबारांच्या जागी नवं गिऱ्हाईक येत होतं : वकील, मामलेदार, पेढीवाले, इनामदार. लग्नात मुलीला एक पैठणी द्यायचीच असं मानणारा वर्ग तयार झाला तो याच काळात. पण रूळ दोन्ही दिशांनी चालतात. त्यांच्यावरून येवल्याला चिनी आणि बंगाली रेशीम मुंबईमार्गे आलं, फ्रान्स-जर्मनीची जरीची तार आली, रंगही आले. 1856 मध्ये लंडनच्या विल्यम पर्किननं डांबरातून जांभळा रंग काढला, आणि त्या वाटेनं पुढं जर्मन कारखान्यांचे रंग साऱ्या जगात पोचले. पूर्वी तार ओढणारा, चपटी करणारा, रंगारी हे सगळे विणकराच्या आळीत होते. आता त्यांची जागा मुंबईच्या पेढीवरच्या बिलानं घेतली. ते बिल कुणी भरायचं? विणकरापाशी एवढी रक्कम नव्हती, व्यापाऱ्यापाशी होती. व्यापारी रेशीम-जरी तोलून द्यायचा, तयार लुगडं तोलून घ्यायचा, आणि मधली मजुरी नगावर ठरवायचा. दरबारी काळात विणकर सुखी होता असं मी मुळीच म्हणत नाही. मध्ये तेव्हाही दलाल होते, पैसे तेव्हाही थकायचे. पण दहा गिऱ्हाइकं एकमेकांवर कुरघोडी करायला उत्सुक असताना जो विणकर भाव धरून बसू शकतो, तो एका पेढीचा देणेकरी झाल्यावर बसू शकत नाही. येवला गाव म्हणून तरलं. विणकर म्हणून येवलेकर किती तरला, हा निराळा प्रश्न आहे.

काका : म्हणजे फिरून फिरून तू व्यापाऱ्यावर आलास. तो तर आपलाच होता. गुजराती, मारवाडी, आपला. मग साम्राज्याचा गुन्हा नेमका कोणता?

मी : तो कळायला पैठण सोडून जरा लंडनला जावं लागतं, पूर्वेकडच्या स्पिटलफील्ड्सला. तिथले विणकर पैठणच्या विणकरांचे खरे भाऊबंद. रेशीम, भारी नक्षी, श्रीमंत गिऱ्हाईक, आणि बराच काळ यंत्राला न जमणारं काम. 1697 मध्ये त्यांच्या जमावानं ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीवर हल्ला केला, का, तर कंपनी हिंदुस्थानी कापड आणते म्हणून. पुढं पार्लमेंटनं पूर्वेकडच्या रेशमी आणि छापील कापडावर बंदी घालणारा कायदा केला. तरी कॅलिको, म्हणजे सुती कापड, लोकप्रियच. 1719-20 मध्ये लंडनच्या रस्त्यांवर हेच विणकर कॅलिको नेसलेल्या बायकांचे कपडे फाडत हिंडले, आणि 1721 मध्ये आणखी कडक कायदा झाला. म्हणजे आपल्या मालाविरुद्ध पहिली भिंत इंग्लंडच्या कारागिरानं उभी करून घेतली, आणि ती उभी करताना त्याला कुणाचा धाक नव्हता. 1760 च्या दशकात मजुरीवरून दंगे झाले, माग कापले गेले, 1769 मध्ये दोन विणकरांना बेथनल ग्रीनमध्ये फासावर चढवलं. आणि मग 1773 मध्ये कायदा आला : लंडन-मिडलसेक्समधल्या रेशीम विणकरांची मजुरी दंडाधिकारी ठरवतील, त्यापेक्षा कमी देणाऱ्या मालकाला दंड. हा कायदा पन्नासएक वर्षं टिकला. 1824 मध्ये तो रद्द झाला, 1826 मध्ये परदेशी रेशमावरची बंदी उठली, 1860 मध्ये फ्रान्सशी करार होऊन जकातही गेली. स्पिटलफील्ड्स ओस पडलं, कॉव्हेंट्रीच्या रिबिनींचा धंदा एकदोन वर्षांत झोपला. घाव घातला तो आधी कायद्यानं.

आता दोघांना शेजारी ठेवा. लंडनचा विणकर दंगा करू शकला, कारण पार्लमेंट चालत जाण्याच्या अंतरावर होतं आणि त्याच्या ओरडण्याची दखल घेणं राज्यकर्त्यांना भाग होतं. त्यालाही फाशी झाली, पण फाशीनंतर कायदाही झाला. पैठणच्या विणकराचं भवितव्य ठरवणारी कलमं कलकत्त्यात आणि लंडनमध्ये लिहिली जात होती, आणि त्याचा स्वतःचा राजाही ती बदलू शकत नव्हता. बंगालात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे असं आपण समजतो : इंग्रजांनी विणकरांचे अंगठे तोडले. ही कथा जिथून निघाली ते 1772 चं पुस्तक कंपनीच्याच एका माजी नोकराचं, विल्यम बोल्ट्सचं. त्यात लिहिलंय वेगळं : कच्चं रेशीम उकलणाऱ्या कामगारांनी जबरदस्तीच्या वेठीतून सुटण्यासाठी स्वतःच आपले अंगठे कापून घेतले. साम्राज्याचा गुन्हा मी म्हणतो तो हा. कारागिराला काम नाकारायला दुसरा मार्गच उरला नाही.

काका : छान बोललास, पण बोल्टनच्या विणकराला तरी कुठं मार्ग होता? त्याला मत 1867 पर्यंत नव्हतं. 1835 मध्ये त्यांच्यासाठी मजुरी ठरवणारी मंडळं काढायचं विधेयक आलं होतं, ते पार्लमेंटनं फेटाळलं. पैठणच्या साळ्याचं आणि बोल्टनच्या विणकराचं दुःख एकच, आणि त्यांचा शत्रूही एकच : पैसेवाला. साम्राज्य मधे आणून तू गोष्ट गुंतागुंतीची करतोस.

मी : दुःख एकच, हे मान्य. शत्रू बऱ्याच अंशी एक, हेही मान्य. पण पुढं काय झालं पाहा. बोल्टनच्या विणकराचं पोर गिरणीत गेलं. गिरणी वाईट होती, पण ती गावातच होती. तिचा नफा लँकेशायरमध्ये फिरला, आणि पुढं त्याच पोरानं संघटना केली, मत मिळवलं. साम्राज्यानं त्याला बाजारपेठही पुरवली. ब्लॅकबर्नची मदार पुढं कशावर होती? हिंदुस्थानात जाणाऱ्या धोतरांवर. आपल्याकडं 1854 मध्ये दावरांनी मुंबईत गिरणी काढली, 1877 मध्ये टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. म्हणजे हातमाग सोडलेल्या माणसाला गिरणीचा रस्ता इथंही उघडत होता. लगेच लँकेशायरनं कलकत्त्याचे नव्हे, लंडनचे दरवाजे ठोठावले. 1879 मध्ये व्हाइसरॉय लिटननं आपल्याच कौन्सिलचा विरोध डावलून सुती कापडाच्या आयातीवरची जकात कमी केली, 1882 मध्ये ती पार गेली. पैशाच्या नडीनं ती परत लावावी लागली तेव्हा तिची भरपाई म्हणून 1896 मध्ये हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. तो 1920 च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकला. तुमच्या गिरण्यांचाच हा इतिहास आहे, काका. यंत्र जर स्वतःच्या बळावर जिंकत होतं, तर त्याला इतक्या कुबड्या कशाला लागल्या? रानड्यांना हे 1890 च्या दशकातच दिसलं होतं, म्हणून त्यांचा भर यंत्राला विरोध करण्यावर नव्हता, आपल्या हाती यंत्र आणि धोरण यावं यावर होता. सार्वजनिक काका 1877 च्या दिल्ली दरबारात हातानं कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले त्याला त्या काळात अर्थ होता. ते शोभेचं नव्हतं.

काका थोडा वेळ गप्प बसतात असं इथं लिहिणं सोपं आहे. पण त्यांचा सगळ्यांत अवघड आक्षेप अजून बाकी आहे.

काका : मग मला हे सांग. तुझ्या त्या भाग्यवान इंग्लंडात हाताचं रेशीम आज कुठं आहे? मॅक्लस्फील्डला. पॅराडाइज मिल 1981 मध्ये बंद झाली, आता तिथले जॅकार्ड हातमाग तिकीट काढून बघायचे. आणि आपल्याकडं? येवल्यात घरोघरी माग वाजतोय, पैठणला सरकारी केंद्र आहे. पार्लमेंट ज्याच्या दाराशी होतं तो संपला, ज्याचं सगळं लुटलं म्हणतोस तो टिकला. तुझं सगळं गणित उलटं पडतं.

मी : हा आक्षेप मी टाळणार नव्हतोच. आपण टिकलो त्याचं श्रेय परंपरेला द्यायला सगळ्यांना आवडतं, आणि थोडं श्रेय तिचं आहेही. लग्नात पैठणी नेसायची ही हौस नसती तर कसब कुणासाठी जगलं असतं? पण मॅक्लस्फील्डला हातमाग बंद पडला, कारण तिथल्या माणसाच्या एका दिवसाला दुसरीकडं बरा भाव मिळू लागला. एका पदरावर आठवडेच्या आठवडे बसणं तिथं परवडेना. आपल्याकडं परवडलं, कारण इथं विणकराचा दिवस स्वस्त राहिला. दुसरा रस्ता उशिरा उघडला, अर्धाच उघडला. म्हणजे पैठणीचं टिकणं आणि विणकराचं मागं राहणं ही एकाच कारणाची दोन फळं आहेत. हे ऐकायला गोड लागत नाही, पण तुमच्या उलट्या गणिताचं उत्तर त्यात आहे. साम्राज्यानं कसब मारलं नाही, स्वस्त केलं. आणि स्वस्त झालेलं कसब फार दिवस जगतं.

काका : आणि आता सुरतेचा संगणकी माग त्याच्याही खाली जातोय. ‘सेमी पैठणी’ म्हणून काही हजारांत मिळते, लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही. शेवटी यंत्र आलंच की. शंभर-दीडशे वर्षं उशिरा आलं एवढंच. मग करायचं काय? स्पिटलफील्ड्सचा कायदा येवल्याला लावायचा? तो रद्द करताना लोकांनी सांगितलेलं कारण विसरलास. मजुरी लंडनात ठरली म्हणून मालक धंदा मॅक्लस्फील्डला आणि खेड्यापाड्यांत घेऊन गेले. तू पैठणला दर बांधलास तर काम येवल्याला जाईल, येवल्याला बांधलास तर बनारसला.

मी : ते कारण खरं होतं, आणि कायदा तिथंच लंगडा पडला. पण मालकांना काम बाहेर नेता आलं ते कशामुळं? रेशीम कुठंही विणलं तरी रेशीमच होतं, मालाला गावाचं नाव चिकटलेलं नव्हतं. पैठणीचं तसं नाही. तिला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे हे नाव कायद्यानं ठरलेल्या भागाशी बांधलेलं आहे. बनारसला विणलेलं उत्तम कापड असेल, पण पैठणी म्हणून ते विकता येत नाही. 1985 च्या हातमाग आरक्षण कायद्यानं काही प्रकारचं कापड हातमागासाठी राखलं होतं. आधी 22 वस्तू, पुढं त्या 11 वर आल्या. पण त्या कायद्यात मजुरीचा विचार नव्हता. मानांकनात नाव सुरक्षित, आरक्षणात वस्तू सुरक्षित, आणि मजुरी दोन्हींच्या बाहेर. 1773 च्या कायद्यात नेमकं उलट होतं, मजुरी सुरक्षित आणि नाव उघड्यावर. या दोन गोष्टी एकत्र आणल्या तर काम पळून जाण्याची तुमची भीती बरीच कमी होते. पदराच्या प्रकारानुसार, कडियाल की एकधोटी, किती इंच पदर, किती रंग, असं दरपत्रक काढायचं आणि मानांकनाची खूण वापरायची तर ते पाळल्याचा दाखला सक्तीचा करायचा. साड्या महाग होतील. ज्याला पैठणीसारखं दिसणारं काहीतरी हवं आहे तो सुरतेकडं जाईल, जाऊ दे. तो आपला गिऱ्हाईक कधी नव्हताच.

काका : दाखला दिला म्हणजे कामही झालं, असं आपल्याकडं होत नाही. दुकानदार जॅकार्डवरचा पदर हाताचा म्हणून लावील आणि निरीक्षकाला चहा पाजील. तपासणार कोण?

मी : निरीक्षकावर मी विसंबत नाही. दुकानात पदर उलटा करून बघायचा. जॅकार्डवरचा असेल तर मागं कापलेले धागे दिसतात, नाहीतर आतल्या बाजूला अस्तर तरी लावलेलं असतं. तिल्ल्यांवरचा असेल तर दोन्ही बाजू सारख्या. दरपत्रक दुकानात फळ्यावर लावणं सक्तीचं केलं, तर गिऱ्हाइकाला पदर उलटून पाहता येईल आणि त्याच जागी उभं राहून विचारता येईल की एवढ्या पदराला विणकराला दिले किती.